तिकीट स्वस्त, बॅग महाग: उमराहला निघण्यापूर्वी किलोचा हिशेब समजून घ्या

उमराहची तारीख ठरली की घरात सामानाची चर्चा सुरू होते. ओझर, नारायणगाव, जुन्नर, मंचर या पट्ट्यातलं कुठलंही घर घ्या, चित्र साधारण सारखंच. जाताना अहराम, औषधं, मसाला, सौदीत नोकरीला असलेल्या भाच्यासाठी लोणचं आणि पापड. येताना जमजम, खजूर, जानमाज, तसबीह आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरासाठी काही ना काही. हे सगळं किती किलो होणार आणि तिकिटात किती किलो बसतं, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विमानतळाच्या काउंटरवरच पहिल्यांदा निघतो. तिथे मग "भाई, दोनच किलो जास्त आहे, जाऊ द्या ना" अशी विनवणी सुरू होते. मागे रांग खोळंबलेली, दादी व्हीलचेअरवर बसलेली आणि काउंटरवरची मुलगी कार्ड मशिन पुढे करते.

गावाकडच्या प्रवाशाला याचा फटका जास्त बसतो. मुंबईतला माणूस जास्तीची पिशवी सोडायला आलेल्या भावाच्या हातात देतो आणि मोकळा होतो. आपली गाडी माळशेज घाटातून कल्याणमार्गे मुंबईला येते, प्रवाशांना उतरवते आणि परत फिरते. (मोबाइलवर 'ओझर विमानतळ' शोधलं तर एक विमानतळ दिसतं खरं, पण ते नाशिक जिल्ह्यातल्या, निफाड तालुक्यातल्या ओझरचं. आपल्या ओझरला विघ्नहर गणपती आहे, येडगावचं धरण आहे, विमानतळ नाही.) म्हणून आपल्याकडे बॅगेचा हिशेब घरूनच पक्का करून निघायला हवा.

पूर्वी बॅग तिकिटातच असायची, मग बदललं काय?

प्रवाशांची तक्रार अशी असते की, "एवढे हजारो रुपये तिकिटाला मोजले, आता बॅगेचे वेगळे कसले?" तक्रार समजण्यासारखी आहे. एसटीत आपण कधी पिशवीचं वजन केलेलं नसतं, आणि पूर्वी विमानाच्या तिकिटातही सीट, जेवण, सामान सगळं एकत्रच असायचं. हे एकत्र बांधलेलं गाठोडं कंपन्यांनी सोडलं आणि प्रत्येक गोष्टीला वेगळा भाव लावला. युरोपातल्या स्वस्त विमान कंपन्यांनी आधी सुरुवात केली. अमेरिकेत २००८ मध्ये इंधन भडकलं तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले आणि मग तिथल्या बहुतेक मोठ्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. आपल्याकडे २००३ मध्ये एअर डेक्कन आली आणि स्वस्त तिकिटाची सवय लागली. तिकीट स्वस्त करायचं तर बाकीच्या गोष्टींचे पैसे वेगळे घ्यायचे, हा त्या धंद्याचा पायाच आहे.

सरकारने यात हात घालून पाहिला आहे. देशांतर्गत प्रवासात १५ किलो मोफत आणि त्यापुढे २० किलोपर्यंत किलोला जास्तीत जास्त १०० रुपये, असा नियम डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, २०१६ मध्ये काढला होता. त्याआधी हाच दर दोनशे-तीनशे रुपयांच्या घरात होता. विमान कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. त्यानंतर दर कंपन्यांच्या मर्जीवर गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये डीजीसीएनेच आणखी एक दार उघडलं. चेक-इन बॅग न नेणाऱ्या प्रवाशाला कंपनी स्वस्त तिकीट देऊ शकते, मात्र बॅग नेली तर किती पैसे पडतील हे तिकीट काढतानाच सांगायला हवं आणि ते तिकिटावर छापायला हवं. एअर इंडिया एक्सप्रेसचं 'एक्सप्रेस लाइट' हे याच प्रकारचं तिकीट. त्यात फक्त हातातली बॅग बसते. ज्याला एका दिवसासाठी दिल्लीला जायचंय त्याला ते सोयीचं. उमराहला निघालेल्या कुटुंबाला कुणी असं तिकीट स्वस्त म्हणून काढून दिलं, तर ते पुढे महागातच पडणार.

काउंटरवरचा किलो एवढा महाग का, हेही समजून घ्यायला हवं. विमानात वजन वाढलं की इंधन जास्त जळतं, आणि इंधन हा आपल्याकडच्या विमान कंपन्यांचा सगळ्यात मोठा खर्च. शिवाय विमानाच्या पोटात जी जागा उरते, तिथे कंपनी दुसऱ्यांचा माल भाड्याने नेते. पण खरं सांगायचं तर एवढ्याने काउंटरचा दर समजत नाही. दोन दिवस आधी वेबसाइटवर पाच किलोचं पॅक घेतलं तर एक भाव आणि तेच पाच किलो काउंटरवर निघाले तर बराच चढा भाव, हे इंधनामुळे नाही. तुम्ही अडलेले आहात म्हणून तो भाव आहे. आमच्या मते यात नफेखोरी आहेच. पण दर आधी जाहीर केलेला असल्यामुळे त्या क्षणी भांडून काही हाती लागत नाही.

जमजमचा किस्सा

परतीच्या सामानात सगळ्यात नाजूक विषय जमजमचा. जुलै २०१९ मध्ये एअर इंडियाच्या जेद्दा कार्यालयाने पत्रक काढलं. विमानं बदलल्यामुळे जेद्दा-हैदराबाद-मुंबई आणि जेद्दा-कोची या दोन उड्डाणांवर १५ सप्टेंबरपर्यंत जमजमचे कॅन नेता येणार नाहीत, असं त्यात होतं. हजचा मोसम तोंडावर आणि असं पत्रक! लोकांनी जोरदार नाराजी व्यक्त केली. काही दिवसांतच कंपनीने पत्रक मागे घेतलं, दिलगिरी व्यक्त केली आणि ठरलेल्या वजनात जमजम नेता येईल असं स्पष्ट केलं.

साधा हिशेब करून बघा. १८० प्रवाशांनी पाच-पाच लिटर पाणी घेतलं तर ते ९०० किलो होतं. लहान विमानात हा बोजा छोटा नाही. पण जमजम आणणं ही हाजींसाठी चैनीची वस्तू नाही, हे त्या मार्गावर वर्षानुवर्षं विमानं चालवणाऱ्या कंपनीला ठाऊक असायलाच हवं. अपेक्षा रास्त होती, म्हणूनच ती मान्य झाली. हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांसाठी तर पाच लिटर जमजम परतल्यावर भारतातल्या विमानतळावरच देण्याची पद्धत आहे. हाजींना ते वाहून आणावं लागत नाही.

उमराहचं तसं नाही. तिथे जमजमचा नियम कंपनीगणिक वेगळा. कुणी पाच लिटरचा एक डबा वजनाबाहेर नेऊ देतं, कुणी वजनात धरतं. सौदीच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने २०२२ मध्येच चेक-इन बॅगेच्या आत जमजमच्या बाटल्या ठेवायला मनाई केली आहे. कपड्यांत गुंडाळून बाटली लपवली तर बॅग उघडली जाते आणि पाणी तिथेच राहतं. ठरावीक पॅकिंगचा डबा घेणं हाच सरळ मार्ग.

एजंटला काय विचारायचं

आपल्याकडे बहुतेक लोक पॅकेजने जातात. "सगळं त्यात आलं" हे वाक्य ऐकून आपण निश्चिंत होतो. पण किलो त्यात किती आले? पॅकेजच्या जाहिरातीत हॉटेल हरमपासून किती मीटरवर आहे ते असतं, जेवण किती वेळचं ते असतं, सामान किती ते बऱ्याचदा नसतं. म्हणून पैसे भरण्याआधी ई-तिकिटाची पीडीएफ मागून घ्या आणि 'बॅगेज' असं लिहिलेल्या ओळीत बघा. तिथे '२ पीसी' असेल तर दोन नग आणि प्रत्येक नगाला स्वतंत्र मर्यादा. '३० के' असेल तर एकूण ३० किलो. जाण्याचं आणि येण्याचं वजन वेगळं असू शकतं, तेही तपासा.

तिकीट कधी काढलं यावरही वजन ठरतं. ऑगस्ट २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसने यूएई-भारत मार्गावर मोफत सामान ३० किलोवरून २० केलं होतं. आखातातल्या भारतीयांनी तक्रारी केल्या आणि पुढे ते पुन्हा ३० झालं. त्यामुळे "मागच्या वर्षी आमच्या फुफीने तीस किलो नेलं होतं" हा पुरावा काउंटरवर चालत नाही.

आणखी एक जागा फसवी आहे. पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून जेद्दा अशी दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर पुणे-दिल्लीला देशांतर्गत नियम लागतो, साधारण १५ किलोचा. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर सहसा आंतरराष्ट्रीय मर्यादा सगळीकडे चालते. एजंटने चार पैसे वाचवायला तिकिटं तोडली असतील तर त्याचा भुर्दंड आपल्याला पडतो. हे पॅकेज ठरवतानाच विचारायचं.

वजनाचा अंदाज आपल्या भागात खरं तर कुणाला शिकवायला नको. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं एक क्रेट २० किलोचं धरतात. तेवढं उचलून बघा, मग बॅग उचलून बघा. खात्री हवी असेल तर किराणा दुकानातला काटा आहेच. रिकामी मोठी सूटकेसच चार-पाच किलोची असते, हे लोक विसरतात. एक बॅग ३२ किलोच्या वर कधीच भरू नका. पैसे द्यायला तयार असलात तरी ती घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न असतो. हातातल्या बॅगेला साधारण सात किलो. पॉवर बँक हातातच ठेवायची, चेक-इन बॅगेत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या लवकर पेट घेतात म्हणून चालत नाहीत, त्यामुळे मसाला घरीच भाजून-कुटून न्या. त्यात खसखस मात्र अजिबात नको. आखातात ती अमली पदार्थात मोडते आणि तिथे प्रश्न दंडावर मिटत नाही.

हक्काचं काय ते मागायचंच

जास्तीच्या किलोत सूट मिळणं ही मेहेरबानी आहे, मिळेल किंवा नाही. पण काही गोष्टी हक्काच्या आहेत आणि तिथे आपले लोक उगाच गप्प बसतात. वयस्कर माणसासाठी व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, नोंदवून ठेवा. चालायची काठी, वॉकर किंवा स्वतःची व्हीलचेअर मोफत सामानाच्या वजनात धरत नाहीत.

बॅग आलीच नाही किंवा फुटलेली आली, तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी त्या कंपनीच्या बॅगेज काउंटरवर पीआयआर नावाचा तक्रार अर्ज भरा आणि त्याची प्रत घ्या. गाडी खोळंबली आहे म्हणून हे उद्यावर टाकू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. बॅग फुटली तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. डिसेंबर २०२४ पासून या करारात भरपाईची कमाल मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे आपल्या पैशांत अंदाजे पावणेदोन लाखांच्या आसपास. तेवढी रक्कम आपोआप मिळत नाही. नुकसान किती झालं ते दाखवावं लागतं, म्हणून बॅग भरताना मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा आणि मौल्यवान वस्तू तिच्यात टाकूच नका. देशांतर्गत प्रवासात ही मर्यादा २०,००० रुपये आहे.

कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते, ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, त्यामुळे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला पुण्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते. दिल्ली-मुंबईच्या खेपा माराव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बॅगेचा टॅग, बोर्डिंग पास आणि पीआयआरची प्रत हीच तिथली मुख्य कागदपत्रं, तेव्हा घरी पोहोचल्यावर टॅग फाडून कचऱ्यात टाकू नका.