वीराचे घर

वीरपुरुषांच्या कथा ऐकताना आपले सारे लक्ष त्यांच्या पराक्रमाकडे असते. त्यांना लहानाचे मोठे कोणी केले, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. विचारले तर एक नवल दिसून येते. कर्णाला वाढविले ते अधिरथ आणि राधा या सारथ्याच्या घरातील दांपत्याने. श्रीकृष्णाचे बालपण गेले नंद-यशोदेच्या अंगणात. शकुंतलेला कण्वमुनींच्या आश्रमात पित्याची माया मिळाली. जन्म एका घरी आणि जिव्हाळा दुसऱ्या घरी, असे कितीतरी कथानायकांचे जीवन आहे. जन्माने न मिळालेले, पण प्रेमाने जोडलेले असे हे कुटुंब होय. या पाठात आपण अशा जोडलेल्या कुटुंबाचा विचार करू, आणि तो चित्रकथेच्या आधारे करू.

चित्रकथा म्हणजे चित्रे आणि शब्द यांच्या जोडीने सांगितलेली गोष्ट. आपल्या महाराष्ट्राला ही कला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी या गावी ठाकर समाजाचे कलावंत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे धरीत आणि वाद्यांच्या साथीने गाऊन कथा सांगत. त्यांना चित्रकथी असे म्हणतात. ती परंपरा तेथील काही घराण्यांनी अजूनही जतन केली आहे. छापील चित्रकथेत गायकाचे काम चौकटी करतात. एका चौकटीत एक क्षण असतो. पात्रांचे बोलणे त्यांच्या तोंडाजवळच्या फुग्यात लिहिलेले असते. दोन चौकटींमध्ये जी कोरी जागा राहते, तिच्यात काय घडले असेल ते वाचकाने आपल्या मनाने जाणावयाचे असते. अशी गोष्ट कादंबरीएवढी दीर्घ आणि विचारप्रवर्तक झाली, की तिला चित्रकादंबरी किंवा ग्राफिक नॉव्हेल म्हणतात.

या प्रकारात कुमारवयीन वाचकांना सर्वांत प्रिय झाले ते अतिमानवी शक्तीचे वीर. त्यांतील सुपरमॅन हा 1938 साली अमेरिकेत प्रसिद्धीस आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँड शहरातील दोन शाळासोबत्यांनी त्याची निर्मिती केली. दोघेही परदेशातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबांतील होते. सुपरमॅनचा जन्म दूरच्या एका ग्रहावर झाला. तो ग्रह नष्ट होण्याच्या वेळी त्याच्या पित्याने त्या अर्भकाला यानात घालून पृथ्वीकडे धाडले. 1939 साली ही कथा अधिक विस्ताराने सांगण्यात आली. तीत केंट नावाच्या वृद्ध दांपत्याला ते मूल सापडते. ते त्याला अनाथालयात पोचवितात. परंतु त्यांचे मन घरी लागत नाही. ते परत येऊन त्या मुलाला मागून नेतात. पुढे तो मोठा होतो, तेव्हा आपले बळ लोकांच्या कल्याणासाठी वापर, ही शिकवण त्याला याच मातापित्यांकडून मिळते. बळ त्याला जन्मतःच लाभले होते. ते कशासाठी वापरावे, हे मात्र त्याला घराने शिकविले.

1939 सालीच अवतरलेल्या बॅटमॅनजवळ तर कोणतीही अतिमानवी शक्ती नव्हती. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांची हत्या झाली होती. पुढील काळातील कथांत असे दाखविले आहे, की आल्फ्रेड नावाच्या निष्ठावंत सेवकाने त्याचा सांभाळ केला. 1940 साली या कथेत रॉबिन आला. तो सर्कशीतील कसरतपटूंचा मुलगा. त्याचेही आईवडील दुष्टांनी मारले होते. बॅटमॅनने त्याला आपल्या घरी आणले. ज्याने पोरकेपण भोगले होते, त्यानेच दुसऱ्या पोरक्याचा हात धरला. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या एक्स-मेन या कथामालेत एक प्राध्यापक काही विलक्षण मुलांना आपल्या शाळेत एकत्र आणतो. त्यांच्या वेगळेपणामुळे जगाला त्यांची भीती वाटते. म्हणून ती शाळाच त्यांचे घर बनते.

आपल्याकडे ज्यांचे बालपण 1970 च्या सुमारास गेले, त्यांना वेताळ हा वीर चांगलाच ठाऊक असेल. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 1936 साली निर्माण केलेला हा फँटम. 1964 साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने तो भारतात घरोघर पोचविला. त्याची मूळ कथाही अशीच आहे. 1536 साली चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. एक तरुण तेवढा वाचून किनाऱ्याला लागला. अरण्यात राहणाऱ्या लोकांनी त्याची शुश्रूषा केली आणि त्याला आपले मानले. त्यांच्यात राहूनच त्याने अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. पुढे 1967 साली अनंत पै यांनी अमर चित्र कथा ही माला सुरू केली आणि आपल्या पुराणांतील व इतिहासातील वीर चित्ररूपाने मुलांसमोर आले. पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी या मालेतील अनेक पुस्तके चितारली. नागराज या हिंदी चित्रकथेतील वीराचीही चित्रे त्यांनी काढली.

हे वीर वारंवार पोरके का दाखविले जातात? कारण शक्ती ही माणसाला इतरांपासून दूर नेणारी गोष्ट आहे. जो डोंगर उचलू शकतो, त्याच्यासारखा दुसरा कोणी नसतो. आणि ज्याच्यासारखा कोणी नाही, तो एकटा असतो. अशा एकट्या बलवंताचा राक्षसही होऊ शकतो. त्याला राक्षस होऊ न देता वीर करते ती माया. कोणीतरी त्याची वाट पाहत असते, त्याच्या जखमेवर पट्टी बांधते, चुकला तर कान धरते. रक्ताचे नाते नसतानाही ही माणसे त्याची होतात. म्हणून अशा कथांचा खरा विषय उड्डाणे आणि मारामाऱ्या हा नसून, परकी माणसे आपली कशी होतात, हा आहे.

हे सारे कल्पनेतले झाले. परंतु अशा कथेला शोभणारी भूमी आणि माणसे पाहावयाची असतील, तर पुणे जिल्ह्यातील मावळात यावे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांच्या खोऱ्यांना मावळ म्हणतात. आजच्या मावळ तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी खोरी आहेत. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे दुर्ग त्यांवर पहारा देत उभे आहेत. घाटमाथ्यावरील लोणावळ्यास वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा खोऱ्यांतील माणसांना शिवाजी महाराजांनी एका ध्येयाने बांधले. त्या मावळ्यांची जात एक नव्हती, गाव एक नव्हते, कुळही एक नव्हते.

आज भोर तालुक्यात मोडणाऱ्या हिरडस मावळातील बाजीप्रभू देशपांडे यांचेच उदाहरण घ्या. ते बांदल देशमुखांच्या पदरी होते, आणि त्या घराण्याचा महाराजांशी आरंभी विरोध होता. तेच बाजीप्रभू आणि तेच बांदलांचे लोक 1660 सालच्या जुलै महिन्यात घोडखिंडीत छातीचा कोट करून उभे राहिले, म्हणून महाराज विशाळगडी पोचले. त्याच वेळी शिवा काशीद यांनी महाराजांचे सोंग घेऊन स्वतः मृत्यू पत्करला. ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही, त्यांच्यासाठी रक्त सांडणारी ही माणसे. त्यांच्या अंगी अतिमानवी शक्ती नव्हती. परस्परांवरील विश्वास हीच त्यांची शक्ती होती.

ही वृत्ती मावळातून लोपलेली नाही. पावसाळ्यात लोणावळ्याच्या परिसरात हजारो लोक सहलीला येतात. कोणी धुक्यात वाट चुकतो, कोणी कड्यावरून घसरतो, कोणी ओढ्याच्या लोंढ्यात सापडतो. अशा वेळी शिवदुर्ग मित्र या संस्थेचे स्वयंसेवक दोर आणि दिवे घेऊन निघतात. आपापला कामधंदा सांभाळणारी ही साधी माणसे आहेत. ज्याला शोधावयाचे, त्याचे नावही पुष्कळदा त्यांनी पूर्वी ऐकलेले नसते. दोराच्या एका टोकाला अनोळखी माणूस लोंबकळत असतो आणि दुसरे टोक सोबत्यांच्या हाती असते. त्या हातांवर विसंबूनच एकजण दरीत उतरतो.

लोणावळ्याच्या अलीकडे मळवली हे रेल्वेस्थानक आहे. तेथून जवळच भाजे गाव आहे. तेथील प्राचीन लेण्यांची कीर्ती तुम्ही ऐकली असेल. याच गावात 1990 साली संपर्क या संस्थेने निराधार मुलांसाठी काम सुरू केले, आणि तेथे बालग्राम उभे राहिले. बालग्राम या कल्पनेमागे मोठा विचार आहे. ऑस्ट्रियातील हर्मान ग्माइनर यांनी 1949 साली इम्स्ट या गावी असे पहिले बालग्राम स्थापिले. दुसऱ्या महायुद्धाने असंख्य मुले पोरकी झाली होती. या मुलांना केवळ छप्पर आणि अन्न पुरेसे नाही. त्यांना आई हवी, भावंडे हवीत, स्वतःचे म्हणता येईल असे घर हवे, असे ग्माइनर यांचे म्हणणे होते.

आपल्या पुणे जिल्ह्यातच सिंधुताई सपकाळ यांनी हे सत्य आयुष्यभर आचरून दाखविले. त्यांना स्वतःला घराबाहेर काढण्यात आले होते. भीक मागून, आगगाडीत गाणी म्हणून त्यांनी दिवस काढले, आणि रस्त्यावरच्या अनाथ मुलांना पोटाशी धरले. पोटच्या मुलीवर अधिक माया होऊन या मुलांत भेदभाव होऊ नये, म्हणून त्यांनी आपल्या मुलीला वाढविण्यासाठी दुसऱ्या संस्थेकडे सोपविले. केवढा कठोर निर्णय हा! 2021 साली त्यांना पद्मश्री हा किताब जाहीर झाला आणि 2022 च्या जानेवारीत त्या निवर्तल्या. असंख्य मुलांची माई हेच त्यांचे खरे नाव झाले.

उद्या तुमच्यापैकी कोणी मावळावर चित्रकादंबरी काढावयाचे ठरविले, तर त्याने हे ध्यानी ठेवावे. नायकाला कड्यावरून उडताना दाखविणे सोपे आहे. त्यासाठी एक मोठी चौकट पुरेशी होते. परंतु पावसात भिजत आलेल्या अनोळखी पोराला दारात पाहून एखादी म्हातारी चुलीजवळची आपली जागा सोडते, आणि ताटात दोन भाकऱ्यांच्या तीन होतात, हे दाखविणे कठीण आहे. त्या चौकटीत शब्दांचा फुगा काढू नये. तो पोर कोठला, कोणाचा, हे तिने विचारले की नाही, ते पुढील कोऱ्या जागेत वाचकाने ओळखावे.

तुमच्या वर्गातही कदाचित एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असेल, की जिच्या पालकांच्या सभेला कोणी येत नाही, जिचा डबा कोणी भरून देत नाही. तिला उडता यावे, अशी तिची इच्छा नसते. बाकावर थोडे सरकून कोणी आपल्याला जागा द्यावी, एवढेच तिला हवे असते. ती जागा देण्यास अतिमानवी शक्ती लागत नाही. आणि वीराचे घर असेच, एका जागेपासून सुरू होते.