आटत्या पाण्याची सुगी

नाशिक जिल्ह्यातील गोड्या पाण्याच्या मासेमारीचा हंगाम केव्हा सरतो, याचा निर्णय पंचांगाकडे नसतो आणि केवळ पर्जन्याच्या मर्जीवरही नसतो. तो बऱ्याच अंशी पाटबंधारे खात्याच्या दप्तरात होतो. धरणाच्या दरवाजातून उन्हाळी आवर्तन सुटले की जलाशयाची कड दररोज थोडीथोडी मागे सरू लागते, चिखलाचा ओला पट्टा भेगाळतो, पाण्याखालून निघालेल्या गाळपेर जमिनीवर कोणी कलिंगडाचे वेल लावतो तर कोणी गुरांसाठी कडवळ पेरतो, आणि पावसाळ्यात व हिवाळ्यात दूरवर पसरलेल्या पाण्यात मोकळी वावरलेली मासळी उरलेल्या खोलगट भागात एकत्र येऊ लागते. फाल्गुन ते ज्येष्ठ हा या मासेमारीचा उत्तरकाळ. या दिवसांत जाळे भरून येते, गळाला मासा हटकून लागतो, आठवडे बाजारात कटला आणि रोहू यांच्या राशी दिसतात, आणि पाहणाऱ्याचा असा ग्रह होतो की जलाशयात मासळी उदंड आहे. हा ग्रह बव्हंशी चुकीचा असतो. पाणी निम्म्याने उतरले आणि मासे तेवढेच राहिले, तर त्याच जाळ्यात पूर्वीपेक्षा अधिक मासे सापडणारच. दाटी वाढलेली असते, पण मासा एकानेही वाढलेला नसतो.

पाणी एवढे का उतरते, हे समजण्यासाठी जिल्ह्याचा उतार ध्यानात घ्यावा लागतो. पश्चिमेकडील इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तेथून पूर्वेस अवघ्या काही कोसांवर असलेल्या निफाड, सिन्नर, येवले या तालुक्यांना पाचसहाशे मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. ओल्या पश्चिमेचे पाणी अडवून ते कोरड्या पूर्वेस पोचवावे, या एका हेतूने येथील धरणे बांधली गेली: गिरणा नदीवरील चणकापूर १९११ साली, दारणा १९१६ साली, नाशिक शहराची तहान भागविणारे गोदावरीवरील गंगापूरचे मातीचे धरण १९६५ साली, आणि नांदगाव तालुक्यातील गिरणा धरण १९६९ साली. (त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा मात्र या सर्वांची संगत सोडून पश्चिमेस वळली आणि मुंबईकरांच्या नळांत जाऊन पोचली.) अर्थात ही धरणे भरून ठेवण्यासाठी नव्हेत, रिकामी करण्यासाठीच बांधलेली आहेत. नैसर्गिक सरोवराची पातळी उन्हाळ्यात हातदोन हात उतरत असेल. सिंचनाच्या जलाशयाचा बहुतेक साठा प्रतिवर्षी उपसला जातो आणि पुढल्या पावसात पुन्हा भरतो. शिवाय ज्या वर्षी पाऊस तुटपुंजा होतो आणि १५ ऑक्टोबर रोजी पैठणच्या जायकवाडी जलाशयात ६५ टक्क्यांहून कमी साठा असतो, त्या वर्षी समन्यायी पाणीवाटपाच्या दंडकानुसार नाशिक-नगरच्या धरणांतून दिवाळीच्या सुमारासच खाली पाणी सोडावे लागते. त्यावरून दोन जिल्ह्यांत जो वादंग माजतो, त्यात द्राक्षबागाइतदाराची बाजू येते, ऊसवाल्याची येते, कारखानदारांची आणि महानगरपालिकेचीही येते. मासळीची बाजू मांडणारा वकील त्या सभेत सहसा दिसत नाही.

गंगापूर धरणाची मूळ साठवणक्षमता ७.२ टीएमसी (अब्ज घनफूट) होती. गाळ साचत जाऊन ती आज ५.६३ टीएमसीच्या घरात आली आहे. गाळ प्रथम साचतो तो जलाशयाच्या वरच्या अंगास, जेथे नदीचा वेग मंदावतो. परिणामी तेथे उथळ, लवकर तापणारे आणि लवकर उघडे पडणारे पाणी तयार होते, आणि खोल पाणी उरते ते भिंतीच्या अलीकडे व बुडालेल्या जुन्या नदीपात्रात. जाणत्या भोयाचे किंवा कोळ्याचे खरे भांडवल येथेच कामी येते. वर सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली जुनी नदी कोठून वळत होती, ओढा कोठे मिळत होता, कोणत्या गावाची वेस आणि विहीर कोठे बुडाली, हे त्याला वाडवडिलांच्या तोंडून माहीत असते, आणि वैशाखात मासळी त्या जुन्या पात्राच्या वाटेनेच गोळा होते. नवशिका हौशी मनुष्य काठावरच्या सावलीची जागा पाहून गळ टाकतो आणि संध्याकाळी रित्या हाताने परततो, त्याचे कारणही हेच.

तथापि उन्हाळ्यातील मासा दाटीने राहतो म्हणून तो सुखाने राहतो असे नाही. २० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. पाणी ३० अंशांपर्यंत तापले की हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमवर येते, आणि हा हिशेब समुद्रसपाटीचा असल्यामुळे सुमारे सहाशे मीटर उंचीवरील नाशकात ते आणखी थोडे घटते. प्राणवायूचा पुरवठा असा आखडत असतानाच माशाची गरज मात्र वाढते, कारण त्याच्या शरीराचा व्यापार पाण्याच्या उष्णतेबरोबर वेग घेतो. हिवाळ्यात निफाडच्या शिवारात पारा महाराष्ट्रातील नीचांकांच्या पंक्तीस जाऊन बसतो, तेव्हा रोहू आणि कटला खोल पाण्यात जवळजवळ निश्चल पडून राहतात, भक्ष्याकडे पाहत नाहीत, आणि गळवाल्याची निराशा होते. परंतु त्या थंड पाण्यात त्यांना श्वासाची ददात नसते. वैशाखात स्थिती नेमकी उलट होते. भूक भरपूर आणि श्वास अपुरा. दिवसा पाणवनस्पती व शेवाळ प्राणवायू निर्माण करतात, रात्री त्याच तो खर्च करतात. त्यामुळे पहाटेची वेळ सर्वांत कठीण, आणि उथळ तळ्यात मासे त्या वेळी पृष्ठभागी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले तर ती गळ टाकण्याची संधी नसून धोक्याची सूचना समजावी. वळिवाचे ढग दिवसभर दाटून राहिले, ऊन पडले नाही आणि वाराही पडला, की दुसऱ्या दिवशी काठावर मेलेल्या माशांचा खच दिसतो. लोक विषप्रयोगाचा संशय घेतात, आणि तो क्वचित खराही असतो, परंतु अनेकदा दोष केवळ गुदमरण्याचा असतो.

ज्यांना छंद म्हणून गळ टाकावयाचा आहे, त्यांनी या दिवसांत सूर्योदयानंतरचा पहिला प्रहर आणि दिवेलागणीपूर्वीचा तास साधावा, हे सांगणे फारसे नवीन नाही. त्याहून उपयोगाची गोष्ट वाऱ्याची आहे. चैत्र-वैशाखात दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो, तो जलाशयावरील उबदार थर आणि त्यातील सूक्ष्म जीव पूर्व काठाकडे लोटून नेतो, आणि त्यांच्या मागोमाग कटला जातो, कारण त्याचे तोंड वर वळलेले असते व त्याचे अन्न वरच्या थरात तरंगते. रोहू मधल्या पाण्यातला, मृगळ तळाचा चिखल चाळणारा. वाम दगडांच्या कपारीत दबा धरते, शिवडा आपल्या विशाल जबड्याने लहान मासळीचा फडशा पाडीत रात्री फिरतो, आणि मरळ ही तर या सर्वांत निराळीच जात; तिला हवेतील प्राणवायू थेट घेता येतो, म्हणून इतर मासे तडफडून मरतात त्या गढूळ डबक्यातही ती जगते आणि बाजारात जिवंत विकली जाते. मरळीची नर-मादी आपल्या पिलांच्या थव्यावर पहारा करतात. पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका घोंघावताना दिसला की त्याखाली तिची जोडी आहे हे धूर्त शिकारी ओळखतो. पण ती जोडी उचलली तर तो पुंजका दोन दिवसही टिकत नाही. हा एक पराक्रम तरी टाळावा असे मला वाटते.

दारणेची कथा आणखी वेगळी आहे. नांदगाव बुद्रुकजवळचे हे धरण ज्या योजनेचा भाग म्हणून बांधले गेले, तिच्यात दारणेचे साठविलेले पाणी नदीपात्रातूनच खाली नेऊन, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून डाव्या-उजव्या कालव्यांत घालावयाचे होते. म्हणजे नदीलाच पाट बनविण्यात आले. जिल्ह्यातील इतर नद्या चैत्रात खडकांतील डोहांपुरत्या उरतात, त्या वेळी दारणा आवर्तनाच्या दिवसांत दुथडी वाहते, आणि आवर्तन बंद होताच एकदोन दिवसांत उतरते. प्रवाहाबरोबर पसरलेले मासे मग पात्रातील खळग्यांत अडकून पडतात, आणि काठच्या वस्त्यांतील पोरे ते टोपल्यांनी वेचतात. त्यात गैर काही नाही. उन्हाने ते तसेही मरणार असतात. प्रश्न आहे तो टोपलीत न मावणाऱ्या, कोणाच्या खिजगणतीतही नसलेल्या बारीक माशांचा. याच दारणेतून, देवळालीच्या आसपास, फ्रेझर नावाच्या गृहस्थाने मासे गोळा केले. भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्याचे सुंदरलाल होरा आणि मिश्रा यांनी त्यांचा अभ्यास करून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात देवळालीच्या माशांविषयी लेखमाला लिहिली, आणि १९३८ साली त्यांतील दोन जाती विज्ञानाला सर्वस्वी नव्या म्हणून जाहीर केल्या. एकीला फ्रेझरचे नाव मिळाले. दुसरी, सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख प्रेटर यांच्या नावावरून पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी म्हणून ओळखली जाते. वाहत्या पाण्यातील दगडांना धरून राहणारा हा चिमुकला मासा आज अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. कटल्याच्या वजनावर ज्याचे लक्ष, त्याच्या जाळ्यात तो येत नाही आणि आला तर फेकला जातो.

नांदूर मध्यमेश्वरचा पाणपसारा पक्ष्यांसाठी विख्यात आहे. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले, आणि २०१९ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत जाण्याचा मान महाराष्ट्रातून प्रथम त्यालाच मिळाला. तेथे मासेमारीवर निर्बंध आहेत, आणि ते रास्त आहेत, कारण उन्हाळ्यात उथळ झालेल्या त्या पाण्यावर बगळे, करकोचे आणि पाणकावळे यांचाही हक्क आहे. मात्र शहराचे सांडपाणी पोटात घेऊन येणारी गोदावरी तेथवर जो पाणवेलींचा गालिचा वाहून आणते, त्याला अभयारण्याची हद्द अडवू शकत नाही. पाणवेलीखालच्या काळोख्या पाण्यात प्राणवायूची निर्मिती थांबते. तेथे टिकते ती मरळीसारखी हवेचा श्वास घेणारी, किंवा चिलापीसारखी काहीही सोसणारी जात. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली; ती स्वतःची अंडी-पिले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, आणि एकदा शिरलेल्या तळ्यातून कधी बाहेर पडत नाही.

कटला, रोहू आणि मृगळ हे तिघेही येथील जलाशयांत मुख्यतः बोटुकली (बोटाएवढी पिले) सोडून वाढविलेले, म्हणजे पेरलेले पीक आहेत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हीरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथींचा अर्क टोचून या जातींकडून कृत्रिम रीतीने अंडी घालविली, तेव्हापासून नदीच्या पुरातून बीज गोळा करण्याची पराधीनता संपली. ठेका घेणारी सहकारी संस्था श्रावण-भाद्रपदात बोटुकली सोडते आणि पुढील उन्हाळ्यात तिची वसुली करते. या व्यवहारात उत्तरकाळाची भरघोस मासेमारी समर्थनीय ठरते. आटणाऱ्या पाण्यात पीक सोडून देणे म्हणजे नासाडीच. परंतु त्याच पाण्यात कोणी न पेरलेली मासळीही असते, आणि बारीक आसाचे जाळे पेरलेल्या-न पेरलेल्यांत भेद करीत नाही. सुरुंगाच्या दारूने व विषाने मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्याने मनाई केली, तिला सव्वाशे वर्षे उलटली; ओढ्यांच्या कडेला त्या मनाईचा अंमल आजही पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे.

ज्येष्ठाच्या अखेरीस घाटमाथ्यावर पहिला जोरकस पाऊस पडतो, तांबडे पाणी ओहळांतून उसळते, आणि महिनोन्‌महिने डोहांत कोंडलेले मासे त्या प्रवाहाच्या उलट दिशेने भातखाचरांपर्यंत चढू लागतात. ही वलगण. इगतपुरी-त्र्यंबकच्या वाड्यांवर त्या रात्री कोणी झोपत नाही. कंदिलांची जागा विजेऱ्यांनी घेतली, एवढाच काय तो फरक. नेमक्या याच वेळी, १ जून ते ३१ जुलै, समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते, मुंबईहून येणारी ताजी मासळी रोडावते आणि नदीच्या माशाचा भाव चढतो. आपल्या धर्माचाराने चातुर्मासात सामिष वर्ज्य केले, त्याचा लाभ मासळीला काही अंशी होतो खरा. पण बहुसंख्य लोक तो नेम धरतात श्रावणापासून, आणि आषाढ अमावास्येपर्यंत तर खाण्याची घाई असते. वीण मात्र आषाढातच भर घेते. वलगणीचा मासा चवीला श्रेष्ठ मानतात तो मुख्यतः पोटातील गाबोळीमुळे, आणि रोहूच्या मादीत वजनाच्या प्रत्येक किलोमागे त्या गाबोळीत दोन लाखांच्या आसपास अंडी असतात.