किरणांची मोजणी कोणासाठी?

अणुकचरा म्हटले की वऱ्हाडातला माणूस म्हणतो, तो तारापूरवाल्यांचा प्रश्न. आम्हीही बरीच वर्षे असेच समजत होतो. पण किरणोत्सारी पदार्थ अणुभट्टीच्या कुंपणातच राहत नाही. कॅन्सरच्या उपचाराला, कारखान्यात, प्रयोगशाळेत तो लागतो. नजर हटली की जुन्या यंत्रासोबत तो भंगारातही जातो. भंगार फोडणारे हात कोणाचे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले, 1985 पासून पडून असलेले गामा यंत्र लिलावात विकले गेले. कामगारांनी ते फोडले, आतले कोबाल्ट-60 हाताळले. कातडी भाजली, केस गळाले, एकाचा जीव गेला. विद्वानांच्या विभागाला जे ओळखता आले नाही, ते पोटासाठी लोखंड फोडणाऱ्याने ओळखावे काय? सरकारची मोजणी यंत्रे तिथे पोहोचली ती माणूस रुग्णालयात पडल्यावर.

मोजणीच होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रे बसवली आहेत. तारापूरच्या आसपासचे पाणी, दूध, मासळी तपासली जाते. पण तपासणाऱ्यांवर लक्ष कोणाचे? 1983 साली अणुऊर्जा नियामक मंडळ निघाले, तेही अणुऊर्जा आयोगाच्याच हाताखाली. पाटलाच्या गुन्ह्याचा पंचनामा पाटलाच्याच वाड्यात! डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा कायदा करून मंडळाला वैधानिक दर्जा दिला, आणि त्याच कायद्याने अणुवीज क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांनाही उघडले.

कॅगचा 2012 चा अहवाल वाचून आम्ही चक्रावलो. देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी मंडळाकडे नोंद होती फक्त 5,270 ची. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच बजावले होते. 2012 पर्यंत ते केले केरळ आणि मिझोरामने. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणारा महाराष्ट्र त्यात नव्हता.

एक्स-रे यंत्राचा कचरा होत नाही हे खरे. बटण बंद केले की किरणे थांबतात. पण ते दिवसभर चालवणाऱ्या पोराचे काय? त्याने छातीवर बॅज लावायचा, तो ठरल्या मुदतीने तपासायला जायचा. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, ही त्याची मर्यादा. एका तालुक्याच्या गावी बॅज आम्हाला टेबलाच्या खणात सापडला. मालक म्हणाले, "हरवू नये म्हणून ठेवला." वा रे काळजी!

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते, तेव्हा कामगारांबरोबर विजेचा कारभारही त्यांच्याकडेच होता. विजेचा हिशेब कामगाराला वगळून होत नाही, हे आमच्या चळवळीला नवे नाही. म्हणून अमरावती आणि अकोल्याच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात दोन गोष्टी विचाराव्यात. जिल्ह्यातल्या किती एक्स-रे केंद्रांना मंडळाचा परवाना आहे? सरकारी रुग्णालये व महाविद्यालये जुनी यंत्रे लिलावात काढतात, तेव्हा ती किरणोत्सारी नाहीत हे तपासून सही कोण करतो?

उत्तर येईपर्यंत भंगाराच्या गल्लीत एवढे तरी सांगून या: पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचे पंख्यासारखे चिन्ह, किंवा आकाराच्या मानाने फार जड असा शिशाचा डबा दिसला, तर हातोडा लावू नका. दूर व्हा, पोरांना दूर करा आणि पोलिसांना कळवा.