फोटोंचे पुस्तक स्वतः काढताना

फोटो काढणे आज सोपे झाले आहे, पण फोटो टिकवणे तितके सोपे झालेले नाही. तरुणांच्या मोबाईलमध्ये हजारो फोटो पडून असतात. ज्येष्ठांच्या घरी पत्र्याच्या पेटीत ठेवलेले जुने फोटो दर पावसाळ्यात ओलीने एकमेकांना चिकटतात. म्हणूनच काही परिवार, मंडळे व हौशी छायाचित्रकार स्वखर्चाने मोठ्या आकाराचे, जाड कागदावरचे फोटोंचे पुस्तक काढतात. बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवावे व आल्यागेल्याने चाळावे, म्हणून त्याला कॉफी टेबल बुक म्हणतात. वर्गणीच्या पैशातून असे पुस्तक काढायचे तर ते कसे घडते हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात तेवढाच आमचा प्रयत्न आहे.

परंपरा जुनी आहे

स्वतःचे फोटोपुस्तक स्वतः काढण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रातील शैवालांच्या निळ्या छायाप्रतिमांचे पुस्तक भागाभागाने स्वतः तयार केले व परिचितांना वाटले. त्यातील मजकूरही त्यांच्याच हस्ताक्षरात होता. आपल्या मुंबईत विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात अस्सल फोटो चिकटवलेला एक संग्रह प्रसिद्ध केला. अमेरिकेतील चित्रकार एड रुशे यांनी १९६३ मध्ये रस्त्यावरील पेट्रोल पंपांचे अवघे २६ फोटो घेऊन एक लहान पुस्तक स्वतः छापले. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या फक्त ४०० प्रती होत्या, तरी आज कलेच्या इतिहासात त्याची नोंद आहे. पुस्तकाचे मोल आकारावर किंवा फोटोंच्या संख्येवर ठरत नाही, हे यावरून दिसते.

निवड

सर्वात कठीण काम निवडीचे होय. जमलेल्या फोटोंच्या लहान प्रती काढून जमिनीवर मांडाव्यात. एकाच प्रसंगाचे पाच फोटो असतील तर एकच ठेवावा. हार घालतानाचे, सत्काराचे, व्यासपीठावरचे फोटो बहुधा एकसारखे दिसतात. त्यांनीच पुस्तक भरले तर ते चार पानांनंतर कोणी उघडत नाही. उलट नळावरची रांग, जिन्यात अभ्यास करणारी मुलगी, पाळीवरून परतणारा कामगार असे साधे फोटो माणसे पुन्हा पुन्हा पाहतात. कोणाचा फोटो गाळला म्हणून रुसवे होतात. त्यासाठी निवडीचे काम दोघातिघांवर सोपवून त्यांचा निर्णय सर्वांनी मान्य करावा.

निवडीनंतर क्रम लावावा. सनावळीनेच लावला पाहिजे असे नाही. समोरासमोरच्या दोन पानांवरील फोटो एकमेकांशी बोलले पाहिजेत. डाव्या पानावर जुनी चाळ आणि उजव्या पानावर त्याच जागेवरची नवी इमारत असली, की वेगळे भाष्य लिहावे लागत नाही.

पानांचा हिशोब व मांडणी

पुस्तके साधारणपणे सोळा पानी फर्म्यात छापली जातात. ९६ पाने म्हणजे सहा फर्मे. पाने १०० केली तर त्या चार पानांसाठी वेगळी छपाई करावी लागते व खर्च वाढतो. म्हणून पानांची संख्या आरंभीच ठरवावी आणि साध्या कागदाची, खऱ्या आकाराची डमी करून त्यात फोटो चिकटवून पाहावेत. संगणकाच्या पडद्यावर न दिसणारे दोष डमी हातात घेताच दिसतात.

एका पानावर शक्यतो एकच फोटो ठेवावा व भोवती मोकळी जागा सोडावी. सहा-सहा फोटो कोंबले की पानाचा फलक होतो. फोटो कागदाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर तो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त ठेवावा, कारण कटिंगमध्ये तेवढा भाग जातो. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत कोणाचाही चेहरा शिलाईच्या घडीत येऊ देऊ नये. अक्षरांचा एकच वळणाचा टाइप पूर्ण पुस्तकात वापरावा.

फोटोची ताकद

चांगल्या छपाईला दर इंचाला ३०० बिंदू लागतात. १२ इंच बाय ९ इंचाच्या पानभर फोटोसाठी ३६०० बाय २७०० बिंदू हवेत. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, म्हणून मूळ फाइलच मागवावी. जुना फोटो ३ इंच रुंदीचा असेल आणि तो १२ इंच छापायचा असेल, तर १२०० बिंदूंवर स्कॅन करावा. मात्र मूळ फोटो अस्पष्ट असेल तर स्कॅन त्याला स्पष्ट करू शकत नाही. असा फोटो लहानच छापावा. पडद्यावरचे रंग व चौरंगी छपाईचे रंग यांतही फरक पडतो, म्हणून दोन-चार पानांचे प्रूफ त्याच कागदावर पाहिल्याशिवाय छपाईला संमती देऊ नये.

कागद व बांधणी

१७० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर या कामाला चांगला. चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड परावर्तित होऊन चेहरे दिसत नाहीत. वर सांगितलेल्या आकाराच्या ९६ पानांचे नुसत्या कागदाचे वजन सुमारे ५७० ग्रॅम भरते. पुठ्ठा त्यात धरलेला नाही. टपालखर्चाचा अंदाज त्यावरून करावा. नुसत्या डिंकाच्या बांधणीत आर्ट पेपरची पाने लवकर सुटतात. फर्मे शिवून पुठ्ठा बांधणी केलेले पुस्तक नातवंडांपर्यंत टिकते. थोड्या प्रतींना डिजिटल छपाई परवडते, जास्त प्रतींना ऑफसेट.

हक्क व नोंदणी

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. इतर फोटोंसाठी छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्यावी व त्याचे नाव छापावे. आयएसबीएन क्रमांक नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य तीन ग्रंथालयांना प्रत द्यावयाची असते. हा खर्च नसून ठेव आहे असे आम्ही मानतो. आपल्या घरातली प्रत हरवली तरी तेथली राहते.

नावे

शेवटचा मुद्दा आमच्या मते सर्वात महत्त्वाचा आहे. पाहुण्याचे नाव छापले जाते, आणि मागे उभी असलेली माणसे ‘व इतर कार्यकर्ते’ होतात. सतरंज्या घालणारी, भाकरी भाजणारी, पदरमोड करून वर्गणी देणारी माणसे त्या ‘इतर’ मध्येच असतात. समूहाच्या फोटोवर पातळ कागद ठेवून चेहऱ्यांची बाह्यरेषा काढावी, प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्यावा व तो कागद ज्येष्ठांपुढे ठेवावा. एकाला आठवले नाही तर दुसऱ्याला आठवते. ती रेखाकृती नावांसह फोटोशेजारी छापावी. ज्याचे नाव मिळत नाही त्याचा क्रमांक तसाच मोकळा ठेवावा. वाचकांपैकी कोणीतरी तो भरून देईल.

छपाई पुढच्या वर्षीही करता येईल, कागदही मिळेल. पण नावे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तेव्हा पुस्तक निघेल तेव्हा निघो, वाचक बंधू-भगिनींनी या रविवारी पेटी उघडून घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे व नावे उतरवून घ्यावीत, एवढीच आमची विनंती आहे.