मोहोळातील संगोपन आणि घरातील शुश्रूषा : लोकनाट्यापुढील एक नवे कार्य

रंगभूमी ही महाराष्ट्रात केवळ करमणुकीची जागा कधीच नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले ते विद्येचे मोल जनतेला पटवून देण्यासाठी. पुढे सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे यांनी तमाशाचा परिचित साज घेऊन समाजसुधारणेचा विचार खेडोपाडी पोहोचविला. संत गाडगे महाराज कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या ‘फोरम थिएटर’ या पद्धतीत एखादा प्रसंग पुन्हा करून दाखविला जातो, आणि ‘मी असतो तर वेगळे वागलो असतो’ असे वाटणारा प्रेक्षक स्वतः उठून पात्राची जागा घेतो.

प्रेक्षकाला सहभागी करून घेणारे हे नाट्य आज दोन विषयांसाठी विशेष उपयुक्त आहे. एक विषय मधमाश्यांचा, दुसरा घरातील लहान मुले, आजारी माणसे व वृद्ध यांच्या शुश्रूषेचा. वरवर पाहता हे विषय दूरचे वाटतात. परंतु दोहोंत एक समान धागा आहे. ज्या श्रमावर सर्वांचे जीवन अवलंबून असते, तोच श्रम कोणाच्या नजरेस पडत नाही.

पोळ्याच्या आत

आपल्या राज्यात आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोयाची या मधमाश्या आढळतात. यांपैकी सातेरी माशी अंधाऱ्या ढोलीत एकाखाली एक नव्हे, तर शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते आणि म्हणूनच ती लाकडी पेटीत पाळता येते. सातेरीच्या वसाहतीत एक राणी, हजारो कामकरी माश्या आणि हंगामापुरते काही नर असतात. कामकरी माश्या सर्व मादी असतात.

राणीने घातलेल्या अंड्यातून तीन दिवसांनी अळी बाहेर पडते. ती पूर्णपणे परावलंबी असते. तिला भरविण्याचे काम वयाने लहान अशा कामकरी माश्या करतात. त्यांना दाई माश्या म्हणता येईल. डोक्यातील ग्रंथींतून स्रवणारे पोषक अन्न त्या अळीला प्रथम देतात, नंतर मध आणि पराग यांचे मिश्रण देतात. पोळ्यातील पिलांच्या भागाचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. थंडी पडली की माश्या एकत्र गोळा होऊन पंखांचे स्नायू थरथरवितात आणि ऊब निर्माण करतात. उन्हाळ्यात त्याच माश्या पाणी आणून पंखांनी वारा घालतात.

विशेष म्हणजे हे काम कोणा एकीच्या माथी कायमचे बसत नाही. कामकरी माशी प्रथम घरे साफ करते, मग पिलांना भरविते, नंतर मेण काढून पोळे बांधते, पहारा देते आणि अखेरीस मकरंद व पराग आणण्यासाठी बाहेर पडते. वसाहतीत दाया कमी पडल्या तर वयस्क माश्याही पुन्हा पिलांकडे वळू शकतात.

मध काढण्याच्या दोन रीती

ही माहिती नसली म्हणजे काय होते, हे जुन्या पद्धतीने मध काढताना दिसून येते. रात्री जाळ करून माश्या हुसकावयाच्या, संपूर्ण पोळे कापावयाचे आणि ते हाताने पिळावयाचे. अशा वेळी मधाबरोबर शेकडो अळ्याही पिळल्या जातात. माश्या जळतात, वसाहत नष्ट होते आणि पुढल्या वर्षी त्या झाडावर मोहोळ बसेल याची शाश्वती राहत नाही. झाडावर चढणाऱ्याच्या जिवालाही धोका असतोच.

शास्त्रीय रीत वेगळी आहे. सातेरीच्या मधपेटीत खालचा भाग पिलांचा आणि वरचा भाग मधाचा असतो. मधपाळ वरच्या चौकटी तेवढ्या काढतो, मधयंत्रात फिरवून मध वेगळा करतो आणि रिकामी पोळी माश्यांना परत देतो. आग्या माशी पेटीत राहत नाही. पण तिच्या पोळ्यातही मध वरच्या बाजूस आणि पिले खाली असतात. त्यामुळे मधाचा भाग तेवढाच कापून पिलांचा भाग शाबूत ठेवता येतो.

महाबळेश्वरच्या परिसरात मधपाळाचा व्यवसाय जुना आहे. पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित करण्यात आले. तथापि, प्रशिक्षणाचा वर्ग जे मधपाळ होणार त्यांच्यापुरता असतो. भरदुपारी फुलोऱ्यावर कीटकनाशक फवारणारा शेतकरी, मोहोळ दिसताच दगड मारणारा मुलगा किंवा पोळे दिसले की जाळून टाका म्हणणारा शेजारी त्या वर्गात येत नाही. तो नाटकाला मात्र येतो.

प्रयोगाची मांडणी

यासाठी तमाशाचा परिचित साचा उत्तम रीतीने वापरता येतो. गणाने आरंभ करावा. बतावणीत नर माशी हे सोंगाड्याचे पात्र ठरते. मधपाळ विचारतो, “तुझं काम काय?” “जेवण.” “आणून कोण देतं?” “बहिणी.” “निदान नांगी तरी?” “ती बी न्हाई!” या हसण्यातून नराला नांगी नसते आणि तो अन्न गोळा करीत नाही, ही गोष्ट प्रेक्षकांच्या कायमची लक्षात राहते. अन्नाची टंचाई होताच बहिणी त्याला घराबाहेर काढतात, हेही त्याला पुढे कळतेच!

वगाचे दोन भाग करावे. पहिल्या भागात प्रेक्षकांतील दहा-बारा जणांना दाई माश्या करून मध्ये एका मुलाला अळी म्हणून बसवावे. ढोलकी थांबेपर्यंत भरविणे, ऊब देणे आणि वारा घालणे चालू ठेवावयाचे. मग एकेक माशी कमी करावी. शेवटी एकटी उरलेली माशी तीच सर्व कामे करताना कशी धापा टाकते, हे सभेला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा भाग घरात घडतो. अंथरुणाला खिळलेले सासरे, तान्हे मूल आणि दिवसभर एकटी राबणारी सून. प्रसंग एकदा पूर्ण करून दाखवावा आणि सूत्रधाराने विचारावे, “यात कोणी काय बदलावे?” ज्याला सुचेल त्याने पुढे येऊन मुलाची, सासूची किंवा शेजाऱ्याची जागा घ्यावी आणि प्रसंग पुन्हा करावा.

हा प्रसंग कल्पनेतला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळ-वापर पाहणीनुसार, घरातील माणसांच्या विनामोबदला शुश्रूषेत २७.६ टक्के स्त्रिया भाग घेत होत्या, तर पुरुषांचे प्रमाण १४ टक्के होते. भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुषांचा ७६ मिनिटे वेळ जात होता. स्वयंपाक, धुणी-भांडी ही कामे याखेरीज वेगळी.

एक अडचणीचा प्रश्न

प्रयोगात एखादी चाणाक्ष बाई विचारणारच, “पोळ्यातही सगळ्या बायकाच राबतात. मग आमचं तेच बरोबर म्हणायचं का?” सूत्रधाराने हा प्रश्न टाळू नये. किंबहुना याच प्रश्नासाठी प्रयोग असतो. माशीला निवड नाही. तिचे काम तिच्या शरीराने आणि वसाहतीच्या गरजेने ठरते. माणसाला निवड आहे. मोहोळ आपल्याला घरातील कामाची वाटणी शिकवीत नाही. पिलू जगवावयाचे तर अनेकांचे हात, वेळ आणि अन्न लागते, एवढेच ते दाखविते. ते हात कोणाचे असावे, हे ठरविणे आपल्याकडे आहे.

गावाने काय करावे

अशा प्रयोगास मोठा खर्च येत नाही. शाळेचे पटांगण, एक ढोलकी, रिकामी मधपेटी आणि गावातीलच सात-आठ कलावंत पुरेसे आहेत. संहिता लिहिताना अनुभवी मधपाळ, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांना सोबत घ्यावे, म्हणजे चुकीची माहिती दिली जाणार नाही. जिवंत माश्या प्रयोगात आणू नयेत. आग्या माश्या रात्री दिव्याकडे येतात, म्हणून त्यांचे मोहोळ जवळ असलेली जागा टाळावी. दरवर्षी २० मे रोजी जागतिक मधमाशी दिन साजरा होतो. प्रयोगास तो दिवस सोयीचा आहे.

प्रयोग संपल्यावर मात्र सभा तशीच उठू देऊ नये. फुलोऱ्याच्या काळात फवारणी शक्यतो टाळण्याचे, ती करावीच लागली तर माश्या घरी परतल्यावर सायंकाळी करण्याचे, मोहोळ न जाळता मधपाळास बोलाविण्याचे आणि ज्या घरात दीर्घ आजारी माणूस आहे तेथे आठवड्यातून एक वेळ शेजाऱ्याने बसण्याचे, असे तीन-चार निर्णय त्याच पटांगणात नावानिशी व्हावयास हवेत. असे निर्णय झाले आणि पाळले गेले, तरच तो प्रयोग सफल झाला असे म्हणता येईल.