नांदूरमध्यमेश्वर : गाळावर वसलेले पक्ष्यांचे गाव

सरोवरकाठचे पक्षी पाहण्यासाठी लोक आफ्रिकेतील केनियापर्यंत जातात. आमच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना ते दर्शन नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर येथे घडते. पक्ष्यांची नावे पाठ करण्यापेक्षा ते येथेच का येतात, हे समजून घेणे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी, ब्रिटिश राजवटीत, कालव्यांसाठी बंधारा बांधण्यात आला. नद्यांनी आणलेला गाळ त्यात साचत गेला. पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, काठाशी पाणवनस्पती वाढल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ ही तूटच. परंतु त्याच गाळाने पक्ष्यांना घर दिले. १९८६ मध्ये हे अभयारण्य घोषित झाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर शहरी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराखालील स्थळ म्हणून २०२० मध्ये नांदूरमध्यमेश्वर जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ होय.

येथे चमचा पक्षी उथळ पाण्यात आपली चपटी चोच डावीकडून उजवीकडे फिरवीत भक्ष्य टिपतो. थापट्या बदक पाणी गाळून खाद्य घेते. वारकरी बुडी मारतो, जांभळी पाणकोंबडी काठच्या वनस्पतींत कोवळे कोंब शोधते. चोची निराळ्या, खोली निराळी. म्हणूनच एका जलाशयात इतक्यांना वाटा मिळतो.

मात्र हा वाटा पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतो. केनियातील नाकुरू सरोवर रोहित पक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध. तेही १९९० पासून रामसर स्थळ आहे. पुढे तेथील पाणी वाढले, खारटपणा घटला, रोहितांचे अन्न असलेले सूक्ष्म शेवाळ कमी झाले आणि बहुतेक थवे अन्य सरोवरांकडे गेले. केवळ दर्जा मिळाल्याने पक्षी टिकत नाहीत. आपल्याकडेही गंगापूर व दारणा धरणांतून सुटणारी आवर्तने आणि कालव्यांची मागणी यांनुसार पातळी बदलते. पाणी फार चढले तर उथळ पाण्यात चरणाऱ्यांचे अन्न बुडते. फार उतरले तर बदकांचा आसरा जातो. शहरांतून नदीत येणारे सांडपाणी पाणवेलींना पोसते, ते वेगळेच. शेतकऱ्याची तहान खरी आणि पक्ष्याचीही खरी. दोहोंचा मेळ घालणे हे माणसाचेच काम आहे.

एका सहलीत, आईवडील ऊसतोडीला गेलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे पक्षी एवढ्या लांबून येतात, मग पिल्लांना कुठं ठेवतात?" आम्ही सांगितले, की मध्य आशियाकडून येणारे क्रौंच त्या वर्षीच्या पिल्लांना सोबत आणतात, पिल्ले प्रवासाची वाट मोठ्यांबरोबर उडतच शिकतात. तो बराच वेळ दुर्बिणीतून पाहत राहिला. ज्यांना पोटासाठी गाव सोडावे लागते, त्यांच्या मुलांची शाळा सुटू नये, यासाठीच तर हे वसतिगृह आहे. तरीही त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आपण दिले, असे आम्हांस वाटत नाही.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात भल्या सकाळी चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर अवश्य जावे. भडक कपडे टाळावेत, गोंगाट करू नये, प्लॅस्टिक मागे ठेवू नये. आणि शक्य असेल त्यांनी मुलांना सोबत न्यावे.