पित्ताशयाचा कर्करोग

छातीत जळजळले, आंबट ढेकर आली, की आपण म्हणतो, ‘पित्त झालंय.’ वास्तविक ते बहुधा जठरातले आम्ल असते. खरे पित्त तयार होते यकृतात, आणि ते साठते यकृताच्या खाली चिकटलेल्या, बोटभर लांबीच्या एका पिशवीत. तिचेच नाव पित्ताशय.

या पिशवीत खडे होतात हे पुष्कळांना ठाऊक असते. तिला कर्करोगही होतो हे थोड्यांना. उत्तर हिंदुस्थानात, गंगेच्या खोऱ्यात, हा रोग फार. दक्षिणेकडे त्यामानाने कमी. पुरुषांपेक्षा बायकांत तो अधिक दिसतो. बहुतेक रोग्यांच्या पिशवीत खडेही सापडतात. म्हणून खडे असणाऱ्यांनी लगेच घाबरून जायचे कारण नाही. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना कर्करोग होतो. मात्र खडा ३ सेंटीमीटरहून मोठा असेल, तर शस्त्रवैद्याचा सल्ला टाळू नये.

रोग सुरुवातीला मुका असतो. पुढे उजव्या बरगडीखाली दुखते, अन्न नकोसे होते, वजन उतरते. पित्ताची नळी दाबली गेली की कावीळ होते. लघवी गडद, शौच पांढुरके, अंगाला खाज. अशा वेळी कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी नाकात रस पिळून घेतो आणि महिना निघून जातो. ध्यानात ठेवा, कावीळ हा रोग नव्हे, लक्षण आहे. तिचे कारण शोधलेच पाहिजे.

ते शोधायचे कसे? प्रथम उपाशीपोटी सोनोग्राफी. संशय आला तर सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. रक्तातील ‘सी. ए. १९-९’ ही तपासणी मदत करते, पण साध्या काविळीतही ती वाढते. तेवढ्यावरून निदान होत नाही. गाठ काढता येण्याजोगी असेल, तर रोग पसरू नये म्हणून सहसा आधी सुई घालत नाहीत. काढता येत नसेल, तर औषधे सुरू करण्यापूर्वी सुईने तुकडा घेऊन खात्री करतात.

कधी खड्यांसाठी काढलेल्या पिशवीतच कर्करोग सापडतो. तेव्हा पिशवी तपासायला पाठवली का आणि अहवाल काय आला, हे जरूर विचारा. रोग आतल्या अस्तरापुरताच असेल, तर पिशवी काढली तेवढे बहुधा पुरते. स्नायूच्या थरात वा पुढे गेला असेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून लगतचा यकृताचा भाग व लसिका ग्रंथी काढाव्या लागतात.

शस्त्रक्रिया शक्यच नसेल, तरी हात टेकायचे नाहीत. नळीत स्टेंट बसवून कावीळ उतरवता येते. एकट्या जेमसायटाबिनपेक्षा सिस्प्लॅटिनसह ते दिल्यास रोगी अधिक काळ जगतात, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. अलीकडे प्रतिकारशक्तीला जागवणारी औषधेही त्यांच्या जोडीला देतात. आयुष्य त्याने वाढते. पण रोग मुळासकट जाण्याची खरी आशा लवकर केलेल्या शस्त्रक्रियेतच.

तेव्हा घरातल्या बाईचे ‘पित्त’ आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर तिला आल्याचा रस देऊन बसू नका. एक सोनोग्राफी करून घ्या.